तापात मुलाला आकडी आली तर: पहिली पाच मिनिटं आणि पुढचे दोन दिवस

मूल तापाने फणफणलेलं असतं. कधी तर नुसतं किरकिर करत असतं, ताप आहे हे अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. अचानक डोळे वर जातात, अंग ताठ होतं, दातखीळ बसते आणि हातपाय झटके द्यायला लागतात. ओठ निळसर पडतात, तोंडातून फेस येतो, चड्डी ओली होते. हाक मारली तर ओ नाही. पहिल्यांदा हे बघणाऱ्या बहुतेक आयांना बाळ हातातून गेलंच असं वाटतं. पण मूल सहा महिने ते पाच वर्षं या वयातलं आणि एरवी धडधाकट असेल, तर यातले बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. अशा छोट्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. भीती जास्त असते ती त्या दोन मिनिटांत घरातले लोक घाबरून जे करून बसतात त्याची.

झटका चालू असताना

आधी घड्याळ बघा. नेमकं हेच राहून जातं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं तर उत्तम, नाहीतर भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत ते मोठ्याने म्हणा, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात राहील. एक मिनिटाचा झटका बघणाऱ्याला दहा मिनिटांचा वाटतो, आणि पुढचे सगळे निर्णय मिनिटांवरच ठरतात.

मूल दिवाणावर किंवा कडेवर असेल तर खाली जमिनीवर घ्या. चटई, सतरंजी, घडी घातलेली गोधडी, जे हाताशी येईल त्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत मोकळी जागा कुठून असणार; पण स्टूल, गरम भांडं, इस्त्री एवढं तरी बाजूला सारता येतं. कपाटाचा कोपरा हलत नसेल तर मधे उशी लावा.

मग मुलाला कुशीवर वळवा. ते उताणं असेल तर त्याच्या एका बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याजवळचा त्याचा हात वर, डोक्याच्या दिशेला सरकवा. पलीकडचा खांदा आणि पलीकडची कंबर धरून अख्खं अंग एकदम आपल्याकडे वळवा, आणि वरच्या पायाचा गुडघा थोडा पुढे टेकवा म्हणजे ते पालथं पडणार नाही. तोंड किंचित जमिनीकडे झुकलेलं हवं, हनुवटी मात्र छातीवर टेकलेली नको. लाळ, फेस किंवा उलटी गालावरून खाली ओघळायला हवी. ती घशाकडे गेली की श्वास अडतो. डोक्याखाली पातळ घडी पुरे. जाड उशीने मान मुडपते.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी, कानटोपी, स्वेटर, शर्टाचं वरचं बटण सैल करा किंवा काढून टाका. दोऱ्याची गाठ सुटत नसेल तर सरळ कात्री लावा. दोरा उद्या पुन्हा बांधता येतो.

चाळीत एकदा आरडाओरडा झाला की दाराशी वीस माणसं जमतात. त्यांना कामाला लावा. एकाने मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, चेहरा, डोळे आणि चारही हातपाय दिसतील असा, अंगावरचं पांघरूण काढून. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा हा व्हिडिओ जास्त सांगून जातो. दुसऱ्याने रिक्षा किंवा टॅक्सी थांबवून ठेवायची. बाकीच्यांनी वारा येऊ द्यायचा.

जे हमखास केलं जातं आणि करू नये

तोंडात चमचा, बोट, फडक्याची गुंडाळी काहीही घालू नका. जीभ गिळली जाईल ही भीती घरोघरी आहे, पण जीभ गिळता येत नाही. ती चावली गेली तर थोडं रक्त येतं आणि काही दिवसांत जखम भरून येते. स्टीलचा चमचा घुसवला की दुधाचा दात तुटतो, आणि तो तुकडा श्वासनळीत गेला तर मात्र खरंच जिवाशी गाठ. दातखीळ झटक्याबरोबर आपोआप सुटते. ती सोडवायची नसते.

पाणी, दूध, साखरेचं पाणी, तापाचं सिरप, यातलं काहीही झटक्यात किंवा मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाजू नका. गिळण्याची क्रिया तेव्हा बंद असते. चमचाभर सिरप फुप्फुसात गेलं तर दोन मिनिटांच्या झटक्याचं रूपांतर पंधरा दिवसांच्या न्यूमोनियात होऊ शकतं.

हातपाय दाबून धरू नका. झटका दाबून थांबत नाही, सांधा मात्र दुखावतो. नळाखाली धरणं, बादलीत बसवणं, बर्फ लावणं, कोलोनचं पाणी अंगाला चोळणं हेही नको. लहान मुलाच्या अंगात स्पिरिट कातडीतून आणि वासातून शिरतं.

कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हातात लोखंडाची किल्ली देणं यामुळे झटका थांबल्यासारखा वाटतो, कारण तो तसाही थांबणारच होता. त्यात वेळ जातो आणि मूल उताणंच राहतं, हे त्याचं नुकसान. आजींना अंगारा लावायचाच असेल तर मुलाला कुशीवर वळवल्यावर कपाळाला लावावा, तोंडात घालू नये. डाग देणं मात्र कुठल्याही कारणाने नाही.

कापराबद्दल वेगळं सांगायला हवं. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला त्यानेच झटके येतात, आणि त्यासाठी छोटीशी वडीही पुरते. निलगिरीच्या तेलाचंही तसंच. तापात कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची, कापूर घातलेलं तेल छातीला चोळायचं ही सवय मोडा; तेच तेल लागलेले हात मूल तोंडात घालतं. कापूर असलेले बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावायचे नसतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. झटका आला आणि ताप लागत नसेल, तर देवघरातला कापराचा डबा उघडा पडलाय का ते बघून घ्या.

पाच मिनिटं झाली आणि थांबत नाही

पाच मिनिटांच्या पुढे गेलेला झटका आपोआप थांबायची शक्यता कमी होत जाते. म्हणून पाच मिनिटं ही मर्यादा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते. वाट बघण्यापेक्षा दारातली रिक्षा लवकर पोचवणार असेल तर तिनेच निघा. गाडीत मुलाला मांडीवर आडवं, कुशीवर, तोंड बाहेरच्या बाजूला करून घ्या. छातीशी घट्ट कवटाळलं तर ते श्वास घेतंय का हेच कळत नाही.

कुठे जायचं हे आधीच ठरलेलं हवं. कोपऱ्यावरचा दवाखाना किंवा पालिकेचा आपला दवाखाना अशा वेळी उपयोगाचा नाही. चोवीस तास कॅज्युअल्टी आणि मुलांचा वॉर्ड असलेलं जवळचं रुग्णालय हवं. परळ-लालबागकरांना वाडिया आणि केईएम, धारावी-माटुंगा भागाला सायन, मुंबई सेंट्रलला नायर, पार्ला-अंधेरीला कूपर, घाटकोपरला राजावाडी. केसपेपर कुणीतरी मागाहून काढेल. कॅज्युअल्टीच्या दारात एवढंच सांगा: ‘झटका चालू आहे, इतकी मिनिटं झाली.’

झटका लोकलमध्ये आला तर दोन स्टेशनांच्या मधे साखळी ओढू नका, मदत आणखी लांब जाते. सीटवर कुशीवर झोपवा, पुढच्या स्टेशनवर उतरा आणि स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जा.

ज्या मुलाला आधी लांबलेला झटका आला आहे, त्याच्यासाठी डॉक्टर मिडॅझोलमचा, म्हणजे झटका थांबवणाऱ्या औषधाचा, नाकातला स्प्रे लिहून देतात. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या स्प्रेमध्ये एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, पण जास्त ताकदीचाही मिळतो, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम: ०.५ च्या स्प्रेचे चार फवारे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. तुमच्या मुलासाठीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीलाच चिकटवा. नवी बाटली असेल तर पहिले काही फवारे हवेत मारावे लागतात, नाहीतर नुसती हवा जाते. नेमकी इथेच चूक होते: औषध दिलं असं वाटतं, गेलेलं काहीच नसतं. स्प्रे दिल्यावर श्वासाकडे लक्ष ठेवा, आणि मनाने दुसरी मात्रा न देता रुग्णालयाकडे निघा. शेजारच्या मुलाचा स्प्रे वापरू नका.

झटका थांबला, अंग सैल पडलं, पण छाती हलत नाही आणि नाकाशी गाल नेला तर श्वास लागत नाही, असं झालं तर १०८ ला फोन स्पीकरवर ठेवून लगेच कृत्रिम श्वास आणि छाती दाबणं सुरू करा. असं क्वचित होतं.

झटका की हुडहुडी

मलेरियाच्या तापात मूल थडथड उडतं आणि घरचे त्यालाही झटका म्हणतात. फरक ओळखायचा तर मुलाच्या डोळ्यांकडे बघा. हुडहुडीत मूल तुमच्याकडे बघतं, रडतं, पाणी मागतं. थरथरणारा हात हळूच धरला तर थरथर थांबते. झटक्यात नजर लागत नाही आणि हात धरला तरी तुमच्या मुठीत ठोके बसतच राहतात. तिसरा प्रकार म्हणजे रडता रडता श्वास कोंडून निळं पडणारं मूल. तिथे आधी रडणं असतं, मार लागलेला असतो किंवा हट्ट असतो, आणि बहुधा ताप नसतो.

थांबल्यावर

मूल गाढ झोपतं. अर्धा तास, कधी तासभर. ही थकव्याची झोप आहे, हलवून हलवून जागं करू नका. पण दर पाच-दहा मिनिटांनी गालाला किंवा तळव्याला चिमटा घेऊन बघा. पाय आखडून घेतला, कुरकुरलं तर ठीक. तासाभरात त्याने आईला ओळखायला हवं.

पहिलाच झटका असेल तर तो एका मिनिटात थांबला असला तरी त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना किंवा रुग्णालयात दाखवायचंच. आणि पुढचं काही दिसलं तर पहिला असो की चौथा, रुग्णालय गाठायचं: पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका, चोवीस तासांत दुसरा, एकाच बाजूचा हातपाय उडणं किंवा नंतर एक हात लुळा वाटणं, वय सहा महिन्यांच्या आत किंवा पाच वर्षांच्या पुढे, मान ताठ, टाळू फुगलेली, सतत उलट्या, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, डोक्याला मार, तासाभरानंतरही गुंगी. जुलाबात आलेला झटकाही यातच धरा, कारण तिथे रक्तातलं मीठ किंवा साखर बिघडलेली असू शकते.

‘ताप मेंदूत चढला’ असं सर्रास म्हटलं जातं. ते दुसऱ्याच आजाराचं वर्णन आहे. मेंदूज्वर आणि मेंदूच्या आवरणाची सूज यांत जंतू खरोखर मेंदूपर्यंत पोचलेले असतात. साध्या तापाच्या झटक्यात ताप घशातला, कानातला किंवा पोटातला असतो. या वयातला मेंदूच तापाला असा प्रतिसाद देतो, आणि बऱ्याचदा हे घराण्यात असतं. वडिलांना किंवा मावशीला लहानपणी आकडी यायची का, हे आजीला विचारून घ्या. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना हे होतं, म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्येही एखादं घर असेलच, ते फक्त बोलत नसतील.

मेंदूचा संसर्ग आणि साधा झटका यांतला फरक ओळखणं डॉक्टरांचं काम, पण त्यासाठी लागणारी माहिती तुमच्याकडे असते. झटका किती वाजता, किती मिनिटं, एका बाजूला की दोन्ही, ताप कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत. गेल्या काही दिवसांत अँटिबायोटिक दिलं असेल तर न विसरता सांगा. अर्धवट दिलेल्या अँटिबायोटिकने मेंदूच्या संसर्गाची लक्षणं झाकली जातात. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. असा संसर्ग तपासायला डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं तर घाबरून घरी पळू नका. पाणी सुईने कमरेच्या खालच्या भागातून काढतात, तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळे त्याने पांगळेपण येत नाही. छोट्या, दोन्ही बाजूंच्या, एकदाच आलेल्या झटक्यानंतर मूल खेळायला लागलं असेल तर सीटी, एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) यांची सहसा गरज नसते. कशासाठी करायची, असं विचारायला संकोच नको.

मुंबईत जून ते ऑक्टोबरमधल्या झटक्याला मलेरियाची तपासणी केल्याशिवाय ‘तापाचा झटका’ म्हणून सोडून देऊ नये. फाल्सिपेरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार मेंदूपर्यंत जातो. पालिकेच्या दवाखान्यात रक्ताची ही तपासणी मोफत होते.

ताप उतरवायचं औषध

पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. ते वेळेवर दिल्याने पुढचा झटका टळतो असं दिसून आलेलं नाही. म्हणून ‘मी रात्री दोनला उठून डोस दिला नाही म्हणून झालं’ हे आईने स्वतःला लावून घेऊ नये, आणि सासूबाईंनीही तिला ऐकवू नये.

मात्रा वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चोवीस तासांत चार वेळा. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलिमध्ये १२५ असेल तर ६ मिलि, ५ मिलिमध्ये २५० असेल तर ३ मिलि. ड्रॉप्समध्ये मात्र बहुधा १ मिलितच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे फक्त दीड मिलि. ड्रॉप्सची बाटली छोटी, म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं; तेच चमच्याने ५ मिलि पाजलं तर १० किलोच्या मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं, तिपटीहून जास्त. घरातला चमचा वापरूच नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. सर्दीच्या सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र दिली की डोस दुप्पट होतो.

पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना द्यायचीच नाही. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, मुलाला बरं वाटत असेल तरच. गार पाण्याने कुडकुडायला लागलं की ताप आणखी चढतो. आणि मे महिन्यात स्वेटर घालून पंखा बंद करून ठेवलेलं मूल बघितलं की काय म्हणावं कळत नाही. पातळ सुती झबलं आणि चालू पंखा, एवढंच पाहिजे.

पुन्हा येईल का

साधारण तीन मुलांत एकाला पुन्हा येतो. पहिला झटका वयाच्या पहिल्या वर्षात आला असेल तर जवळपास निम्म्यांना. घरात कुणाला येत असतील, किंवा ताप फारसा नसताना, चढायला लागल्या लागल्याच आला असेल, तरी शक्यता वाढते. पाच वर्षांच्या पुढे बहुतेकांचं बंद होतं. साध्या झटक्यानंतर पुढे मिरगी होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त.

म्हणून रोजच्या गोळ्या लागत नाहीत. वारंवार किंवा लांब झटके येणाऱ्या काही मुलांना डॉक्टर तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझॅम हे झटके रोखणारं औषध देतात. त्याने मूल झिंगल्यासारखं चालतं, पेंगतं किंवा उलट चिडचिडं होतं. ही गुंगी औषधाची की आजाराची हे घरी कळत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

लस थांबवू नका. गोवराच्या लशीनंतर सात ते दहा दिवसांनी आणि त्रिगुणीनंतर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत ताप येऊ शकतो, आणि झटक्याचा कल असलेल्या मुलाला त्यात झटका येऊ शकतो. लस देणाऱ्या सिस्टरना आधी सांगा, पण डोस घ्या. लस न घेता गोवर झाला तर त्यात ताप आणि झटका दोन्ही जास्त वाईट. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप सरकारी योजनेत मोफत आहे. अंगणवाडीत किंवा आरोग्यसेविकेकडे मागा.

‘फिट येते’ असं कळलं तर पाळणाघरवाली मूल घेणार नाही, मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडेल, म्हणून ही गोष्ट दडवली जाते. मग दुपारी दोनला झटका येतो तेव्हा त्या मावशींच्या हाताशी चमचा असतो आणि माहिती काहीच नसते. त्यांना एक कागद लिहून द्या: मुलाचं वजन, कुशीवर कसं वळवायचं ते एकदा करून दाखवल्याची तारीख, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांनंतर १०८, रुग्णालयाचं नाव, दोन फोन नंबर, आणि स्प्रे लिहून दिलेला असेल तर किती फवारे. मुलाचं वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून आकडा बदला, स्प्रेची मुदत तपासा आणि जुना कागद फाडून नवा लावा.